टीबीनंतर पुन्हा धावताना : फुप्फुस, टाचेची शीर आणि वर्षभराच्या नोंदी

आधी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे पुढच्या तारखांचा संदर्भ लागेल. मी बेचाळीस वर्षांची. साताऱ्यात राहते, पतसंस्थेत काउंटरवर काम करते. आजारापूर्वी काही वर्षं नियमित धावत होते. यवतेश्वर घाटातली हिल हाफ मॅरेथॉन २०२३ मध्ये पूर्ण केली होती. २०२४ च्या पावसाळ्यात खोकला बसला तो हटेना, संध्याकाळी कणकण यायला लागली, वजन ५८ वरून ४९ किलोवर आलं. थुंकी तपासली तेव्हा टीबी निघाला. पहिल्या रिपोर्टमध्ये रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल असं आलं. पुढच्या एलपीए तपासणीत (जंतूंवर कुठली औषधं चालतात ते तिच्यात कळतं) मात्र आयसोनियाझिड हे दुसरं मुख्य औषध लागू पडणार नाही हे कळलं. त्यामुळे सहा महिन्यांचा वेगळा कोर्स मिळाला : रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड आणि लिव्होफ्लॉक्सासिन. नोव्हेंबर २०२४ च्या मध्यावर सुरू, मे २०२५ च्या मध्यावर संपणार.

यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवा. या नोंदींमधलं निम्मं लिखाण त्या एका गोळीमुळे झालंय.

१२ जानेवारी २०२५

सकाळी पलंगावरून उतरले आणि डाव्या टाचेवर भार पडताच मागून चमक निघाली. मोरीपर्यंत लंगडत गेले. चहा उकळेपर्यंत दुखणं निवळलं होतं, म्हणून दुर्लक्ष केलं असतं, पण संध्याकाळी जिना उतरताना परत तेच.

खुर्चीत बसून दोन्ही पायांच्या टाचेमागची शीर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर, अकिलीस टेंडन) अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पाहिली. उजवी दोरीसारखी बारीक आणि ताठ लागते. डावीला टाचेच्या हाडापासून तीन-चार बोटं वर एक लांबट जाड भाग आहे, तिथं चिमटा घेतला की ठणका मारतो. पाऊल वर-खाली केलं की आत करकर जाणवते. गेले चार महिने मी एक पाऊलही धावलेले नाही. गच्चीवर वीस मिनिटं चालते, तेवढंच. धावणाऱ्याला शिरेचं दुखणं होतं हे माहीत होतं. न धावता कसं झालं ते कळेना.

१५ जानेवारी

गोळ्या घ्यायला सरकारी टीबी केंद्रावर गेले तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाय बघण्याआधी गोळ्यांचं कार्ड बघितलं. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांनी शिरा दुखावतात, सगळ्यात जास्त टाचेची. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २००८ मध्येच या गटाच्या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचे लोक आणि स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त, पण इतरांनाही होतं. औषध सुरू झाल्यावर काही तासांत होऊ शकतं, नाहीतर बंद केल्यावर काही महिन्यांनीसुद्धा.

सोनोग्राफी केली. खर्च १२०० रुपये. शीर फाटलेली नाही, जाड झालीय. डॉक्टरांनी विचार करून गोळी चालू ठेवली, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं आणि एक ताकीद दिली : अचानक ‘कट्’ असा आवाज झाला, किंवा चवड्यावर उभंच राहता येईना, तर त्याच दिवशी यायचं.

इथं एक गोष्ट ठासून सांगते. दुखायला लागलं म्हणून आपल्या मनाने गोळी थांबवू नका. एक औषध आधीच लागू पडत नाही. उरलेल्यांतलं एक मध्येच सोडलं तर बाकीच्यांवर भार येतो आणि जंतूंना त्यांचीही सवय होते. काही जणांची गोळी बदलतातसुद्धा, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

आणखी एक. गुडघे, बोटांची पेरं, खांदे दुखत असतील तर ते बहुधा वेगळं दुखणं आहे. पायराझिनामाइडने युरिक अॅसिड वाढतं आणि सांधे धरतात. मलाही डिसेंबरमध्ये झालं होतं. सांगताना नेमकं कुठं दुखतंय तिथं बोट ठेवून सांगा, म्हणजे डॉक्टरांना कुठल्या गोळीकडे बघायचं ते कळतं.

२६ जानेवारी

दहा दिवसांत काय काय केलं आणि त्याचं काय झालं :

शेजारच्या काकूंनी तेल लावून जोरात चोळून दिलं. त्यांनी मायेनं केलं, पण सूज वाढली आणि दोन दिवस वाया गेले. जाड झालेली शीर दाबून मोकळी होत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटतं, फरक शून्य. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम मी वर्षानुवर्षं करत आलेय, यावेळी त्याने दुखणं वाढलं. फिजिओ मॅडमनी नंतर सांगितलं की या अवस्थेत शीर ताणली की ती जास्तच चिडते, तिला आधी भार सोसायला शिकवायचं असतं.

एका खासगी दवाखान्यात ‘एक इंजेक्शन घ्या, चार दिवसांत चालायला लागाल’ असं सांगितलं. स्टेरॉइड आहे का, विचारलं. हो म्हणाले. या गोळ्यांवर असताना स्टेरॉइड म्हणजे शीर तुटण्याचा धोका वाढवून घेणं, हे केंद्रावर ऐकलं होतं म्हणून उठून आले. ऐकलं नसतं तर घेतलं असतं, इतकी त्या सकाळच्या चमकेला कंटाळले होते. म्हणून इथं लिहून ठेवतेय.

ज्याचा उपयोग झाला ते अगदी साधं : सिलिकॉनचे टाचेचे पॅड (२८० रुपये जोडी). दोन्ही पायांत घालायचे, एकाच पायात घातलं तर कंबर धरते. आणि घरात अनवाणी फिरणं बंद. सासूबाईंनी स्वयंपाकघरात चप्पल कधी चालवून घेतली नव्हती. यावेळी त्यांनीच बाजारातून थोडी उंच टाचेची नवी चप्पल आणली, ‘ही फक्त घरातली’ म्हणून.

३ फेब्रुवारी

हिमोग्लोबिन ९.६. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चिठ्ठीवर त्या सकाळच्या गोळ्यांसोबतच लिहिल्या होत्या. औषधाच्या दुकानातल्या माणसाने लिव्होफ्लॉक्सासिन पाहिलं आणि थांबवलं. लोह, कॅल्शियम, पित्ताची पातळ औषधं, दूध यांच्याशी ही गोळी पोटातच बांधली जाते आणि रक्तात कमी उतरते. निदान दोन तासांचं अंतर हवं. केंद्रावर विचारून खात्री केली आणि वेळापत्रक असं बसवलं : सकाळी उपाशीपोटी टीबीच्या गोळ्या पाण्याबरोबर, दुपारी जेवणानंतर लोह आणि वर लिंबू, दूध घालून नाचणीचं सत्त्व थेट रात्री. याआधी मी गोळ्यांनंतर लगेच कपभर दूध घेत होते.

खाण्याचं : रोज तीन अंडी, एक वेळ मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ, चार वाजता मूठभर शेंगदाणे आणि गूळ. निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे टीबीच्या रुग्णांना आहारासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, पैसे महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबाने खात्यावर येतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). त्यात अंड्यांचा खर्च निघतो. वजन ५१.

१६ फेब्रुवारी

फिजिओकडे पहिली भेट. एका वेळेचे ५०० रुपये. त्यांनी वही घालायला सांगितली, आणि वर्षभरात ज्या एका गोष्टीने मला मार्गावर ठेवलं ती ही वही. तीन रकाने : आज काय केलं, करताना किती दुखलं (शून्य ते दहा), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखलं. सकाळचा आकडा रोज एकाच पद्धतीने काढायचा : पलंगावरून उतरल्यावरची पहिली पावलं, मग भिंतीला बोटं टेकून डाव्या पायावर पाच वेळा टाच उचलणं.

“ताई, करताना चार-पाचपर्यंत दुखलं तरी मला चालेल,” त्या म्हणाल्या, “पण सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढलेला चालणार नाही.”

ही पद्धत स्वीडनमधल्या सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या कामातली आहे. त्यांनी दुखण्यावर असं लक्ष ठेवून टाचेच्या शिरेच्या रुग्णांना उपचार चालू असताना धावू दिलं होतं, आणि त्यामुळे त्यांचं नुकसान झालं नाही. मला धावायला परवानगी नव्हती, फुप्फुसं अजून कोर्सवर होती. पण मोजमाप तेच वापरलं.

पहिला व्यायाम : दोन्ही चवड्यांवर उभं राहून ४५ सेकंद थांबायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. सकाळचा आकडा ४. दुसऱ्या दिवशीही ४. वाढला नाही, म्हणजे चालू ठेवायचं.

९ मार्च

फुप्फुसाचं. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र घेतलं होतं (३५० रुपये). सुरुवातीला दोनच चेंडू वर जायचे, आता तिन्ही जातात. कफ सुटायला मदत झाली असं वाटतं. पण जिना चढताना लागणारी धाप त्याने कमी झाली नाही, ती जिना चढूनच कमी झाली. एक मजला, थांबा, श्वास पूर्ण खाली बसला की पुढचा. शीर तेव्हा चढण सोसत होती, उतरताना कठडा धरून हळू.

विश्रांतीत असतानाची नाडी आजाराआधी ६० च्या आसपास असायची. जानेवारीत ९२, आज ८१.

६ एप्रिल

आता खरा व्यायाम. टाचेच्या शिरेसाठी सगळ्यात गाजलेली पद्धत स्वीडनच्याच आल्फ्रेडसन यांची, १९९८ ची : पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, पंधराचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. मी आठवडाभर केली. रोज दोनदा करणं माझ्या तब्येतीला झेपेना, गोळ्यांनी मळमळ होतीच आणि संध्याकाळच्या फेऱ्यानंतर आडवं व्हावं लागायचं. सकाळचा आकडा ३ वरून ५. फिजिओ मॅडमनी बदलून दिलं : आठवड्यातून तीनच दिवस, पण जड आणि सावकाश. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. एक प्रकार गुडघा सरळ ठेवून, दुसरा खुर्चीत बसून गुडघा वाकवून, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू गुडघा वाकवल्यावरच नीट कामाला लागतो आणि धावताना सगळ्यात जास्त ओझं तोच ओढतो.

ओझ्यासाठी जिम लावली नाही. मुलीची शाळेची जुनी सॅक आणि तिच्यात ज्वारी. पाच किलोने सुरुवात. सॅक पाठीवर, एक हात दाराच्या चौकटीला, डोळे घड्याळाच्या सेकंद काट्यावर. खाली येताना काटा दुसऱ्या खुणेवर असतानाच टाच टेकायला बघते, तिथं रोखून धरायचं. या व्यायामातलं सगळं कष्ट त्या तिसऱ्या सेकंदात आहे.

२७ एप्रिल

सॅकेत दहा किलो. सकाळचा आकडा २. ऊन फार, व्यायाम पहाटे पाचला.

१८ मे

कोर्स संपला. शेवटची थुंकी निगेटिव्ह. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रण आहे, तो राहणार. स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची ताकद मोजतात ती तपासणी) अपेक्षेपेक्षा थोडी कमी. डॉक्टर म्हणाले, हळूहळू धावायला हरकत नाही. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी.

त्या संध्याकाळी घरी सगळे खूश होते. नवऱ्याने कपाटाच्या वरून बूट काढून पुसून ठेवले. मी ते घातले आणि काढून ठेवले, कारण फिजिओ मॅडमच्या तीन अटी बाकी होत्या : अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या सकाळी काही नको, डाव्या पायावर सलग वीस वेळा टाच उचलता यावी, आणि जागच्या जागी एका पायावर दहा उड्या मारून आकडा ३ च्या आत राहावा. उजवा पाय वीस करतो. डावा अकरा. धावताना टाचेच्या शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट भार येतो. अकरा वेळा टाच उचलणाऱ्या पोटरीवर तेवढा टाकायचा नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली ती फुप्फुसापुरती. शिरेची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि ती उशिरा मिळते. हे ज्याला आधी कळेल त्याचे दोन महिने वाचतील.

१५ जून

पहिलं धावणं. शाहू स्टेडियमवर, पाऊस थांबल्यावर. पाच मिनिटं चालणं, मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं.

वेगाचं काही लिहीत नाही, घड्याळात बघितलाच नाही. नियम एकच होता : धावता धावता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मैत्रीण बरोबर होती, तिच्याशी बोलत राहिले. तिसऱ्या फेरीला वाक्य मध्येच तुटलं तर ती स्वतःहून चालायला लागली. नाडी चालतानाच १३० वर होती, धावताना १६५ पर्यंत गेली. पूर्वी एवढ्या नाडीवर मी घाट चढायचे.

छातीत उजवीकडे वर थोडं ओढल्यासारखं झालं, थांबल्यावर गेलं. करताना शीर २. सोळा तारखेची सकाळ : २. मला रडू आलं. फार दिवसांनी आनंदाचं.

२९ जून

गाडं अडलं. पावसाने उघडीप दिली म्हणून शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन दिवस तोच कार्यक्रम केला. प्रत्येक दिवशी करताना आकडा २ च होता, म्हणून धोका लक्षात आला नाही. शनिवारची सकाळ ३, आजची ४, आणि दुपारनंतर बसून उठताना लंगडतेय.

फोनवर फिजिओ मॅडमकडून कारण कळलं. भार दिल्यावर पहिला दीड दिवस शिरेत मोडतोड जास्त आणि बांधणी कमी असते. त्यानंतर बांधणी वरचढ होते आणि ती तीन दिवसांपर्यंत चालते. श्वास दुसऱ्याच दिवशी तयार असतो, शीर नसते. दोन्हींचं घड्याळ वेगळं आहे, आणि कार्यक्रम हळू चालणाऱ्या घड्याळाप्रमाणे लावायचा.

सुधारणा : धावणं दर तिसऱ्या दिवशी. मधल्या एका दिवशी सॅकेचा व्यायाम, एका दिवशी फक्त चालणं. आधी आठ दिवस धावणं बंद.

२० जुलै

दर तिसरा दिवस लागू पडला. दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, आठ फेरे. सकाळचा आकडा १ ते २.

काल हौसेने साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या ठिकाणाच्या चढावर गेले. धाप वाटली होती त्यापेक्षा खूपच कमी लागली, फुप्फुसं छान चालली. पण चढावर प्रत्येक पावलाला टाच पायाच्या बोटांपेक्षा खाली राहते आणि शीर ताणूनच भार घेते. आज सकाळी ४. चढ बंद. साताऱ्यात सपाट रस्ता शोधणं हेच एक काम आहे. कॉलनीतला सुमारे तीनशे मीटरचा एक रस्ता मिळालाय, त्यावरच येरझाऱ्या.

१७ ऑगस्ट

दोन तारखेला ताप आला, खोकला बसला. घरात कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं. मी रात्री उठून वजन करत होते. केंद्रावर जाऊन थुंकी दिली, एक्स-रे काढला. निगेटिव्ह, व्रण होता तसाच. साधा व्हायरल ताप निघाला.

टीबी होऊन गेलेल्या माणसाने पुन्हा ताप-खोकला आला तर ‘पावसाचा असेल’ म्हणून घरी बसू नये. तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे आणि रिपोर्ट हातात आल्यावर झोप येते.

ताप उतरल्यावर आठवडाभर काहीच केलं नाही. मग जिथं थांबले होते त्याच्या निम्म्यावर सुरुवात : एक मिनिट धावणं, एक चालणं, आठ फेरे. या मधल्या काळात सॅकेचा व्यायामही बंद पडला होता, त्यामुळे डाव्या पायावर सलग टाच उचलण्याचा आकडा चौदावर घसरला. एकूण तीन आठवडे मागे.

१४ सप्टेंबर

हिल मॅरेथॉनच्या मोसमात गावात सगळीकडे धावणारे दिसतात. मी यंदा नाव दिलं नाही. यवतेश्वरच्या रस्त्याला उभं राहून ओळखीच्यांना हाका मारल्या. वाईट वाटलं, खूप वाटलं. दुपारी घरी येऊन सॅकेचा व्यायाम केला. पंधरा किलो, गुडघा सरळ, आठचे चार फेरे.

५ ऑक्टोबर

बूट. जुने बूट जवळजवळ सपाट तळाचे, टाच आणि चवडा यांच्या उंचीत फक्त चार मिलिमीटर फरक. आत पॅड घालून चालवत होते, पण पॅडमुळे टाच वर येऊन मागची कड शिरेवर घासायला लागली आणि जाड भागावर लाल वळ उठला. नवे घेतले, दहा मिलिमीटर फरकाचे, ५४०० रुपये. दुकानात मागची कड बोटाने दाबून पाहिली, मऊ हवी. पॅड काढून टाकले. दोन आठवड्यांत सकाळचा आकडा कायम १ च्या आसपास. हे मे महिन्यातच करायला हवं होतं. पैसे वाचवले ते फिजिओच्या जादा भेटीत गेले.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या फटाक्यांचा धूर खाली बसलाय, आणि पहाटे कचरा जाळतात तो वेगळा. दहा मिनिटांत छातीत खवखव आणि मग तासभर कोरडा खोकला. व्रण पडलेल्या फुप्फुसाला धूर सोसत नाही. आठवडाभर बाहेर धावणं बंद, त्याऐवजी जिना आणि उड्या. आता धावण्याची वेळ सकाळी साडेसात. ऊन आलं की धूर वर जातो. ऑफिसला धावपळ होते, पण खोकला नाही.

२३ नोव्हेंबर

कोर्सनंतरची सहा महिन्यांची तपासणी. थुंकी निगेटिव्ह, एक्स-रे बदल नाही, हिमोग्लोबिन १२.४, वजन ५६. नाडी ६७. डावा पाय वीस, उजवा बावीस. दहा मिनिटं सलग धावणं, एक मिनिट चालणं, तीन फेरे.

शीर चिमटीत धरून पाहिली. जाड भाग अजून आहे, जानेवारीपेक्षा थोडा बारीक. दाबल्यावर ठणका नाही. फिजिओ मॅडम म्हणाल्या, जाडी कदाचित कायम राहील, तिच्याकडे बघू नका, आकड्याकडे बघा.

२१ डिसेंबर

पाच किलोमीटर, सलग, कॉलनीच्या रस्त्यावर. चाळीस मिनिटांच्या आत. शेवटच्या येरझारीपर्यंत मैत्रिणीशी बोलत होते, एकही वाक्य तुटलं नाही. मुलगी फाटकाशी उभी राहून फेऱ्या मोजत होती. २२ ची सकाळ : १. २३ ची : १.

खर्चाचा हिशेब, कारण हा प्रश्न सगळे विचारतात. टीबीची औषधं आणि तपासण्या सरकारी, एक रुपया लागला नाही. सोनोग्राफी १२००, फिजिओ साधारण सात हजार, बूट ५४००, पॅड, श्वासाचं यंत्र आणि घरातली चप्पल मिळून हजाराच्या आत. सॅक आणि ज्वारी घरची. वेळेचं गणित मोठं आहे : जूनमधले सलग तीन दिवस, चार भिंतीचा चढ आणि उशिरा घेतलेले बूट यांत मिळून सात-आठ आठवडे गेले. ऑगस्टचा ताप माझ्या हातात नव्हता.

पुढचं. जानेवारीत दर तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटर, त्यात वाढ नाही. फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा चढ, तोही आधी चालत आणि फक्त चढायचं, उतरताना रिक्षा. सॅकेचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालूच, तो थांबवायचा विचार नाही. मे २०२६ मध्ये पुढची तपासणी, हिल मॅरेथॉनला नाव द्यायचं की नाही ते त्यानंतर ठरेल.

कोर्सवर असताना कोणाला टाचेत चमक यायला लागली असेल तर केंद्रावर जाताना तीन गोष्टी लिहून न्या : दुखणं कुठल्या तारखेला सुरू झालं, सकाळच्या पहिल्या पावलांना किती दुखतं, आणि टीबीच्या गोळ्यांशिवाय आणखी काय काय पोटात जातंय, अगदी लोहाच्या आणि पित्ताच्या गोळ्यांसकट.